कॉन्स्टंटाईन बादशहा आणि गरिबाचे नाणे

ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासातील काही नावे अशी आहेत की, ती लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्वांच्या कानांवरून गेलेली असतात. रोमचा बादशहा कॉन्स्टंटाईन हे त्यांपैकीच एक नाव होय. आकाशात वधस्तंभाचे चिन्ह दिसले, राजाने लढाई जिंकली, मंडळीचा छळ थांबला आणि सारे साम्राज्य ख्रिस्ती झाले, अशी त्याची गोष्ट आपण शब्बाथशाळेत ऐकली आणि पुढे आपणच ती मुलांना सांगितली.

आम्हीही ती पुष्कळ वर्षे अशीच सांगत आलो. एका रविवारी सांगण्याच्या ओघात आम्ही असेही म्हणून गेलो की, लढाईच्या दुसऱ्या दिवसापासून राजाच्या नाण्यांवर ख्रिस्ताचे चिन्ह झळकू लागले. वर्गातील एका मुलीने लगेच विचारले की, कोणत्या नाण्यांवर, श्रीमंतांच्या मोहरांवर की भाजी आणायच्या पैशांवर? आम्हांला उत्तर देता आले नाही. घरी येऊन पुस्तके काढून बसलो, तेव्हा समजले की आम्ही सांगितले ते खरे नव्हते. त्या मुलीचा प्रश्न मात्र फार मोलाचा होता. म्हणून आज ह्या राजाचे चरित्र त्याच्या लहानशा ब्राँझच्या, म्हणजे कांशाच्या, नाण्यावरून वाचकांसमोर ठेवीत आहोत.

कांशाचेच नाणे का घ्यावे, असे कोणी विचारील. सोन्याचे नाणे सरदार, सेनापती आणि मोठे अधिकारी ह्यांच्या पेटीत राहावयाचे. भाकरी, तेल, भाजी ह्यांच्या खरेदीत हातोहात फिरे ते कांशाचे नाणे. ते इंग्लंडच्या शेतांत सापडते, ईजिप्तच्या वाळूत सापडते, आणि व्यापाराच्या वाटेने आलेले तामिळनाडूत व श्रीलंकेतही सापडते. राजाने काय लिहवून घेतले ते ग्रंथांत असते. राजाने गरिबाच्या हातात काय ठेवले ते ह्या नाण्यात असते.

कॉन्स्टंटाईनचा जन्म इ.स. २७२ च्या सुमारास २७ फेब्रुवारी रोजी नायसस येथे झाला. हे गाव आज सर्बिया देशात असून त्याला निश म्हणतात. बाप कॉन्स्टँशियस हा लष्करी अधिकारी होता. आई हेलेना ही सामान्य घरातील स्त्री. ती सराईत काम करीत असे, अशी जुनी समजूत आहे. पुढे बाप मोठ्या पदाला चढू लागला तेव्हा त्याने हेलेनेला दूर केले आणि राजघराण्यातील मुलीशी विवाह केला. टाकून दिलेल्या आईचा हा मुलगा पुढे बादशहा झाला तेव्हा त्याने तिला सन्मानाने राजवाड्यात आणले आणि तिचीही नाणी पाडली.

त्या वेळी डायोक्लेशियन हा साम्राज्याचा मुख्य बादशहा होता. त्याच्या आधीच्या पन्नास वर्षांत बंडे, स्वाऱ्या आणि महागाई ह्यांनी रोमचे चलन पार बुडाले होते. चांदीचे म्हणविणारे नाणे नुसते तांब्याचे राहिले होते व त्यावर चांदीचा पातळ मुलामा असे. इ.स. २९४ च्या सुमारास डायोक्लेशियनने नवे मोठे कांशाचे नाणे काढले. ते जवळजवळ दहा ग्रॅमचे, म्हणजे आपल्या तोळ्याहून थोडेसे हलके होते. त्यात शंभर भागांत सुमारे चार भाग चांदी असे. हातात घेतले तर वजन जाणवावे असे हे नाणे होते. तरी भाव चढतच राहिले, म्हणून त्याने इ.स. ३०१ मध्ये शेकडो वस्तूंचे व मजुरीचे कमाल दर ठरविणारा हुकूम काढला. व्यापाऱ्यांनी माल दडविला आणि हुकूम फसला.

दोन वर्षांनी त्याने दुसरा हुकूम काढला. २३ फेब्रुवारी ३०३ रोजी निकोमेडिया ह्या राजधानीत शिपायांनी ख्रिस्ती मंदिर पाडले, शास्त्राच्या प्रती जाळल्या आणि मोठा छळ सुरू झाला. त्या दिवसांत तरुण कॉन्स्टंटाईन त्याच दरबारी होता. बापाच्या चांगल्या वागणुकीसाठी ओलीस म्हटले तरी चालेल, अशा स्थितीत त्याला तेथे ठेवले होते. श्रद्धेसाठी माणसे कशी मरतात हे त्याने जवळून पाहिले असणार. त्याचा बाप पश्चिमेकडे कारभारावर होता. त्याने आपल्या प्रांतांत छळ फारसा चालू दिला नाही.

इ.स. ३०५ मध्ये डायोक्लेशियनने राजत्याग केला. पुढल्याच वर्षी कॉन्स्टँशियस ब्रिटनमधील यॉर्क येथे मरण पावला. २५ जुलै ३०६ रोजी तेथल्या सैन्याने कॉन्स्टंटाईनला राजा म्हणून पुकारले. लंडन, ट्रीअर आणि लिआँ येथील टाकसाळी त्याच्या हाती आल्या.

टाकसाळीचे काम त्या काळी हाताचे होते. खालच्या ठशावर धातूची तापवलेली चकती ठेवावयाची, वरचा ठसा तिच्यावर धरावयाचा आणि हातोड्याचा घाव घालावयाचा. एका बाजूस राजाचे मुख आणि नाव. दुसऱ्या बाजूस एखादी देवता किंवा चित्र. खाली टाकसाळीची अक्षरे. वृत्तपत्र नसलेल्या त्या काळात राजाचा निरोप दूरच्या खेड्यापर्यंत पोहोचविणारे हे एक मोठे साधन होते.

कॉन्स्टंटाईनला प्रतिस्पर्धी अनेक होते. सैन्य पोसावयाचे तर पैसा हवा. इ.स. ३०७ पासून त्याने नाण्याचे वजन उतरविण्यास सुरुवात केली. दहा ग्रॅमचे नाणे आधी सातच्या आसपास आले, इ.स. ३१० च्या सुमारास साडेचारवर आले आणि ३१३ पर्यंत साडेतीन ग्रॅमच्याही खाली गेले. त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनीही आपापल्या प्रांतांत हेच केले, म्हणून सारा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही. परंतु बाजारात उभ्या असलेल्या मजुराला राजा कोण ह्याने काय फरक पडणार? त्याच्या हातावर पडणारे नाणे दर थोड्या वर्षांनी हलके होत होते.

ह्याच सुमारास नाण्याच्या मागील बाजूस एक नवे चित्र आले. डोक्याभोवती किरण, एक हात उंचावलेला, दुसऱ्या हातात पृथ्वीचा गोल, असा सूर्यदेव. तो अजिंक्य असून राजाचा सोबती आहे, अशी अक्षरे भोवती असत. इ.स. ३१० पासून पुढे ही नाणी लाखांनी पडली.

मग ती प्रसिद्ध लढाई आली. २८ ऑक्टोबर ३१२ रोजी रोमजवळ मिल्वियन पुलापाशी कॉन्स्टंटाईनने मॅक्सेन्शियसचा पराभव केला आणि मॅक्सेन्शियस टायबर नदीत बुडून मेला. त्या आधी राजाला स्वप्न पडले, असे लॅक्टँशियस लिहितो. सूर्याच्या वर प्रकाशाचा वधस्तंभ दिसला, असे बिशप युसेबियस लिहितो. दोघेही त्याच काळातील व राजाच्या जवळचे होते. ख्रिस्ताच्या ग्रीक नावातील पहिली दोन अक्षरे एकात एक गुंफून राजाने ते आपले चिन्ह केले. पुढल्या वर्षी मिलान येथे त्याने व पूर्वेचा बादशहा लिसिनियस ह्याने ठरविले की, प्रत्येकाला आपापल्या धर्माने चालण्याची मोकळीक असावी आणि ख्रिस्ती मंडळीची जप्त केलेली मालमत्ता परत द्यावी. तुरुंगांतून आणि खाणींतून माणसे घरी परतली. आज आपण उघड्या दाराने उपासना करतो, त्या वाटेवरचा हा मोठा टप्पा होता. देवाची स्तुती करावी असाच तो दिवस होता.

पण नाण्यांचे काय झाले? इ.स. ३१५ च्या सुमारास टिसिनम येथील टाकसाळीत, म्हणजे आजच्या इटलीतील पावियात, काही चांदीची पदके पाडली गेली. त्यांवर राजाच्या शिरस्त्राणावर ख्रिस्ताच्या नावाचे ते चिन्ह आहे. ही पदके थोडी होती आणि मोठ्या लोकांना देण्यासाठी होती. बाजारातल्या कांशाच्या नाण्यावर मात्र सूर्यदेव तसाच उभा होता. लढाईनंतर एक नव्हे, दोन नव्हे, सुमारे सहा वर्षे तो तेथे राहिला. इ.स. ३१८ च्या सुमारास तो कांशावरून गेला. सोन्यावर तर ३२५ पर्यंत अधूनमधून दिसत राहिला.

त्याची जागा घेतली ती ख्रिस्ताच्या चिन्हाने नव्हे. विजयदेवता, ढाल, पानांची माळ, छावणीचा दरवाजा व त्यावर एक तारा, अशी कोणालाही न दुखविणारी चित्रे आली. सिस्किया येथील टाकसाळीच्या काही नाण्यांवर राजाच्या शिरस्त्राणावर ते चिन्ह कोरलेले सापडते. पण ते इतके बारीक की दिवा जवळ धरून पाहावे.

ह्यावरून राजा ढोंगी होता असे म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. त्याची बहुतेक प्रजा आणि बहुतेक सैन्य ख्रिस्ती नव्हते. शिवाय स्वतः त्याच्याही अंतःकरणात जुने एका दिवसात निघून गेले नसावे. इ.स. ३२१ मध्ये त्याने आठवड्याचा विसाव्याचा दिवस ठरविला, त्यालाही कायद्यात सूर्याचा दिवस असेच नाव दिले. आपल्यापैकी कितीजणांचे जुने जीवन बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर येताक्षणी संपले, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

त्याचे काही कायदे तर वाचून मन भरून येते. इ.स. ३१६ च्या सुमारास त्याने हुकूम काढला की, शिक्षा झालेल्या माणसाच्या तोंडावर डाग देऊ नये, कारण मनुष्याचे मुख स्वर्गीय सौंदर्याच्या प्रतिरूपाने घडलेले आहे. स्वतःचे मुख लाखो नाण्यांवर ठोकणाऱ्या राजाने कैद्याच्या मुखात देवाची प्रतिमा पाहिली, ही लहान गोष्ट नव्हे. इ.स. ३२२ मध्ये त्याने आफ्रिकेतील अधिकाऱ्यांना आज्ञा केली की, दारिद्र्यामुळे ज्या आईबापांवर पोटची मुले विकण्याची पाळी येते त्यांना सरकारी भांडारातून अन्नवस्त्र द्यावे.

इ.स. ३२४ मध्ये लिसिनियसचा पराभव करून तो सबंध साम्राज्याचा एकटा धनी झाला. ३२५ मध्ये त्याने नायसिया येथे बिशपांची परिषद भरविली. तेथे आलेल्या काहींच्या अंगावर छळाचे व्रण होते. नायसीन मतांगिकाराचा पाया त्याच परिषदेत घातला गेला.

आणि लगेच पुढल्या वर्षीची गोष्ट शब्बाथशाळेत आपण सांगत नाही. इ.स. ३२६ मध्ये कॉन्स्टंटाईनने आपला थोरला मुलगा क्रिस्पस ह्याला ठार करविले. ह्याच मुलाने दोन वर्षांपूर्वी बापासाठी आरमारी लढाई जिंकली होती. थोड्याच काळात राणी फाउस्टा हीसुद्धा राजाच्या आज्ञेवरून मारली गेली. जुन्या इतिहासकारांनी ह्याची निरनिराळी कारणे दिली आहेत. नाणी कारण सांगत नाहीत, पण एक गोष्ट दाखवितात. त्या आधीची दोन वर्षे राणीच्या नावाचे कांशाचे नाणे निघत होते. त्यावर दोन तान्ही मुले छातीशी धरलेली एक स्त्री उभी आहे आणि भोवती राष्ट्राच्या कल्याणाची अक्षरे आहेत. इ.स. ३२६ मध्ये ते नाणे बंद पडले. क्रिस्पसचेही बंद पडले. शिलालेखांतून त्याचे नाव खोडून काढण्यात आले.

ह्यानंतर एका वर्षाने, ३२७ च्या सुमारास, त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. कॉन्स्टँटिनोपल ह्या नव्या राजधानीच्या टाकसाळीत एक कांशाचे नाणे पाडले गेले. त्यावर राजाची पताका आहे, पताकेच्या शिरावर ख्रिस्ताच्या नावाचे चिन्ह आहे, आणि तिचा दांडा एका सर्पाला भोसकून गेला आहे. येथे ख्रिस्ताचे चिन्ह प्रथमच कांशाच्या नाण्याचे मुख्य चित्र झाले. लढाईला तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. तेही एकाच टाकसाळीत, थोड्याच संख्येने. आज ते नाणे फार दुर्मिळ आहे.

११ मे ३३० रोजी नव्या राजधानीचे समर्पण झाले. त्या निमित्ताने निघालेली कांशाची नाणी मात्र आजही मुबलक सापडतात. एकावर कॉन्स्टँटिनोपल नगरी स्त्रीरूपाने आहे. दुसऱ्यावर रोमच्या जुन्या दंतकथेतील लांडगी दोन बाळांना दूध पाजीत आहे. गरिबाच्या हातात वधस्तंभाची पताका क्वचित पडली, लांडगी मात्र रोज पडली.

वजनाचे रडगाणे चालूच होते. ह्या वर्षांतील सर्वांत सामान्य नाण्यावर दोन शिपाई आणि त्यांच्यामध्ये सैन्याची दोन निशाणे आहेत. त्याचे वजन अडीच ग्रॅमच्या आसपास होते. इ.स. ३३६ च्या सुमारास ते दीड-पावणेदोन ग्रॅमवर आणले गेले, आणि चित्रात दोन निशाणांच्या जागी एकच निशाण उरले. चांदीही शंभरात एका भागाच्या आसपास राहिली. राजाच्या कारकिर्दीच्या आरंभी जे नाणे मुठीत जाणवे, ते अखेरीस आपल्या शर्टाच्या बटणाएवढे झाले.

ह्याच राजाने सोन्याचे जे नाणे काढले त्याची गोष्ट मात्र अगदी निराळी आहे. सॉलिडस नावाचे ते नाणे एका रोमी पौंडात बहात्तर, म्हणजे प्रत्येकी साडेचार ग्रॅमच्या सुमाराचे होते. ते खरे, पुरे आणि भरवशाचे होते. पुढे जवळजवळ सातशे वर्षे त्याचा कस टिकला. मोठ्या अधिकाऱ्यांना राजाची देणगी सोन्यात मिळे. मजुराला मजुरी कांशात मिळे. राजाला कर हवा तो सोन्यात. मग लहान माणसाने सराफाकडे जाऊन मूठमूठ कांसे द्यावे आणि सोन्याचा तुकडा घ्यावा. ईजिप्तमध्ये सापडलेल्या हिशोबांच्या कागदांवरून दिसते की, डायोक्लेशियनच्या हुकुमानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत सोन्याचा भाव शेकडो पटींनी चढला.

त्यातच कॉन्स्टंटाईनने दुकानदार, कारागीर आणि फेरीवाले ह्यांच्यावर दर चार-पाच वर्षांनी सोन्याचांदीत भरावयाचा एक कर बसविला. चांभारही सुटला नाही. कराचे वर्ष जवळ आले की शहरांत रडारड होई. कर भरण्यासाठी आया पोटची मुले विकीत, असे नंतरच्या लेखकांनी लिहून ठेवले. त्यांपैकी काही राजाच्या धर्माचे शत्रू होते, म्हणून त्यांचे बोलणे जपून घ्यावे. पण ज्या राजाने मुले विकली जाऊ नयेत म्हणून भांडार उघडले, त्याच राजाच्या कराविषयी ही तक्रार व्हावी, ह्याचे दुःख वाटल्याशिवाय राहत नाही. त्याच शतकातील एका निनावी लेखकाने तर स्पष्टच म्हटले की, कॉन्स्टंटाईनच्या काळात लहान व्यवहारांतही कांशाच्या जागी सोने आले, त्याने श्रीमंतांची हाव वाढली आणि गरीब चिरडले गेले.

इ.स. ३३७ च्या वसंतात राजा आजारी पडला. निकोमेडियाजवळ त्याने बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्याने राजाची जांभळी वस्त्रे पुन्हा अंगावर घेतली नाहीत. पांढऱ्या वस्त्रांतच तो २२ मे रोजी, पन्नासाव्या दिवसाच्या सणाला, मरण पावला. वयाची सुमारे पासष्ट वर्षे आणि राज्याची जवळजवळ एकतीस वर्षे झाली होती. शेवटी तो सर्वांसारखाच रिकाम्या हाताने आपल्या तारणाऱ्यापुढे गेला.

त्याच्या मुलांनी त्याच्या स्मरणार्थ एक कांशाचे नाणे काढले. एका बाजूस मस्तकावरून वस्त्र घेतलेला मृत राजा; दुसऱ्या बाजूस चार घोड्यांच्या रथातून तो वर जात आहे आणि आकाशातून एक हात त्याला घेण्यासाठी खाली आला आहे. ख्रिस्ती माणसाला ते पाहून एलीया संदेष्टा आठवतो; सूर्यपूजकाला त्याच्या देवाचा रथ आठवत असेल. आणि राजाच्या नावामागे जुन्या रोमी रीतीप्रमाणे देवपदाची अक्षरे आहेतच. जुने आणि नवे असे शेवटपर्यंत एकाच चकतीवर राहिले. त्या चकतीचे वजन, त्याच्या बापाच्या दिवसांतील नाण्याच्या सहाव्या हिश्शाएवढे होते.

तो कर पुढे दीडशेहून अधिक वर्षे राहिला. इ.स. ४९८ मध्ये अनास्टेशियस बादशहाने तो रद्द केला आणि त्याचे दप्तर जाळून टाकले. एडेसा हे शहर दर चार वर्षांनी १४० पौंड सोने ह्या करापायी भरीत असे. बातमी आली तेव्हा तेथील लहानथोर पांढरी वस्त्रे घालून, हातांत मेणबत्त्या घेऊन देवाचे उपकार मानीत निघाले. त्याच वर्षी अनास्टेशियसने कांशाची मोठी नाणी काढली व त्यांवर त्यांची किंमत अक्षरांनी स्पष्ट घातली, म्हणजे अडाण्यालाही कोणी फसवू नये. ह्या राजाच्या मतांविषयी मंडळीत मोठे वाद होते. पण गरिबाच्या हातातले नाणे त्याने नीट केले.

वाचकहो, कॉन्स्टंटाईनचे चरित्र लहान करण्यासाठी आम्ही हे लिहिले नाही. देवाने त्याच्या हातून मंडळीला फार मोठी मोकळीक दिली. पण देवाने ज्याचा उपयोग केला त्याचे सर्व काही चांगलेच होते, असे मुलांना शिकविण्याची गरज नाही. दाविदाची गोष्ट सांगताना पवित्र शास्त्र उरीयाला लपवीत नाही. मग आपण क्रिस्पसला का लपवावे?

दुसरे असे की, राजाची श्रद्धा आधी चांदीच्या पदकावर आली, भिंतींवर आली, परिषदेत आली. कांशावर ती सर्वांत उशिरा आली, आणि कांशाच्या वजनात तर आलीच नाही. आपलेही असेच होत नाही ना? रविवारच्या उपासनेत आपले नाणे खणखणीत वाजते. सोमवारी मोलकरणीचा पगार, हमालाची मजुरी, वजनकाट्याची दांडी, उधारीचा हिशोब ह्यांत ते किती भरते? माप लहान करणाऱ्यांवर आमोस संदेष्ट्याने किती कठोर शब्द उच्चारले ते आपण वाचतो. आणि प्रभूने मंदिरात बसून कोणाकडे पाहिले? दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेकडे. ती नाणीही अशीच हलक्या धातूची, बारीक होती.

पुढल्या रविवारी आम्ही वर्गात आमची चूक कबूल केली आणि पंधरा वर्षांचा हिशोब फळ्यावर मांडला. ती मुलगी समाधानाने खाली बसली. आता कॉन्स्टंटाईनची गोष्ट सांगताना आम्ही एक रुपयाचे नाणे मुलांच्या हातांतून फिरवितो, आणि वजन कसे उतरत गेले ते त्यांच्याकडूनच फळ्यावर लिहवून घेतो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हे करून पाहावे, एवढीच विनंती.